खिडकीतली सातवी

“हलवत राहा गं. थांबलीस की गुठळी धरेल.”

हा आवाज ताईचा. तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि ही, तिची धाकटी बहीण, पाच. आई नुकतीच गेली होती, ताईने लोकांचे कपडे शिवायला आणि खळ घालायला आणायला सुरुवात केली होती. शेगडीवर पातेलं, पातेल्यात खळ, शेजारी स्टुलावर उभी ही एवढीशी, हातात स्वतःच्या उंचीची काठी. पांढरट पाणी हळूहळू घट्ट व्हायचं, काठीला जड लागायचं, दंड भरून यायचे. ती थांबली रे थांबली की शिवणयंत्राच्या खडखडाटातूनही ताईला कळायचं. मान वर न करता ती म्हणायची, हलवत राहा गं.

ती जी हलवायला लागली ती थांबलीच नाही. घरात तिचं नाव भिंगरी पडलं. जेवताना एक पाय उभा, झोपेत हात चालू. पुढे शिकली, शेवाळांची संशोधक झाली, प्रयोगशाळेत सगळे तिला बाई म्हणू लागले; पण काम काय, तर काचेच्या फ्लास्कमधलं हिरवं पाणी हलवत ठेवायचं. थांबलं की पेशी तळाशी बसतात, एकमेकींच्या सावलीत उपाशी राहतात. हलवायला यंत्र होतं, तरी येता-जाता तिचा हात फ्लास्ककडे जायचाच. ताई दुकानात यंत्रावर बसून गुणगुणायची,

“हिरवं गं पाणी बाई, ऊन बसलं जेवाया,
भिंगरी माझी बहीण, उभी राहिली वाढाया.”

साठाव्या वर्षी भिंगरी निवृत्त होणार होती. शनिवारी निरोपाचं व्याख्यान होतं. आज गुरुवार, आणि गेल्या सोमवारपासून तिच्या पायाला चाकं लागली होती, ती नेहमीच्या सवयीने नव्हे.

झालं असं होतं. जन्मभर तिने ज्या शेवाळावर काम केलं, त्याला सगळे सातवी म्हणत. एका जुन्या दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यातून तिने तरुणपणी बारा बाटल्या भरून आणल्या होत्या, त्यातली सातवी. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर एक गोल हिरवी पेशी, बस्स. दिसायला अगदी साधी, गर्दीत हरवेल अशी. दर तीन आठवड्यांनी तिचा एक थेंब नव्या पाण्यात टाकायचा, म्हणजे वंश चालू. निवृत्त होण्याआधी ही सातवी शेवाळांच्या मोठ्या संग्रहात कायमची जमा करावी, म्हणून तिने एक नळी पाठवली. संग्रहाचं काम पाहणाऱ्या बाईंनी नियमाप्रमाणे तिची जनुकं वाचली आणि सोमवारी सकाळी फोन केला. त्या अदबीने बोलल्या, पण अडखळत. त्यांच्याकडे सातवीची एक जुनी नळी आधीच होती. तीस वर्षांपूर्वी भिंगरीनेच ती एका प्राध्यापकांना दिली होती आणि त्यांनी हे काम सोडताना संग्रहात जमा केली होती. दोन्ही नळ्यांवर नाव तेच, पण आतलं शेवाळ एक नव्हतं. सख्खं तर नाहीच, चुलतही नाही. तर भिंगरीने शनिवारपर्यंत लेखी कळवावं, खरी सातवी कोणती.

फोन ठेवला तेव्हा भिंगरी खुर्चीत बसलेली होती. ती तशीच बसून राहिली. दारातून डोकावणाऱ्या काच धुणाऱ्या काकांनी नंतर सगळ्यांना सांगितलं, की बाई बसल्या होत्या, काहीतरी मोठं घडलंय.

ते प्राध्यापक म्हणजे शिडी. ताडमाड उंच, बोलणं हळू, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. दोघांचं भांडण नत्रावरून झालं होतं. शेवाळाच्या पेशीला दोन भुका असतात, एक उजेडाची आणि एक नत्राची. उजेडात ती हवेतला कार्बन धरून साखर करते, उरलेली पिष्ट म्हणून साठवून ठेवते. पण नुसत्या साखरेवर अंग धरत नाही. पाण्यातलं नायट्रेट आत ओढावं लागतं, त्याचं अमोनिया करावं लागतं, मग ते कार्बनच्या सांगाड्यावर बसवलं की प्रथिनं होतात. या खटाटोपाला लागणारी ताकद सातवीला थेट उजेडातून मिळते, असं सुरुवातीच्या वर्षांत भिंगरीनेच दाखवलं होतं. नायट्रेट हे सातवीचं दिवसाचं जेवण, असं ती तेव्हा म्हणायची.

आणि मग सत्तावीस वर्षांपूर्वी सातवीने चाल बदलली. दिवसच्या दिवस नत्राविना उपाशी ठेवून अंधारात नेली, तरी नायट्रेट समोर येताच ती साठवलेलं पिष्ट मोडून खायला बसायची. अंधारात, मिट्ट काळ्या कापडाखाली. भिंगरीने पन्नास वेळा मोजलं. मग लिहिलं, की उपास लांबला की सातवी अंधारात जेवायला शिकते. त्या एका निबंधाने तिचं नाव झालं. पुढची सगळी वर्षं, सगळे विद्यार्थी, सगळी पदकं त्या एका काळ्या कापडाखालून निघाली.

शिडीकडची सातवी मात्र अंधारात तोंड उघडेना. त्याने वर्षभर मोजलं आणि एका सभेत उभा राहून तसं सांगितलं. तेव्हा भिंगरीने जागेवरून, माइक न घेता म्हटलं होतं, “शेवाळ हात ओळखतं, सर. तुमच्या हातून ते जेवत नसेल.”

सभागृह हसलं. शिडीही हसला, जरा उशिरा. दोन वर्षांनी त्याने शेवाळ सोडलं आणि शाळकरी मुलांची पुस्तकं लिहायला लागला.

आता तो पंच्याहत्तरीचा असेल. शनिवारी येणार होता. आमंत्रण तिनेच पाठवलं होतं, मोठ्या मनाने.

सोमवार ते बुधवार तिने जुन्या वह्या काढल्या. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. ती उभ्यानेच वाचायची, दोन पानं इथे, चार खिडकीशी, पुन्हा टेबलाशी. सातवी कधी बदलली ते शोधायला फार लागलं नाही. नेमकं पान तिला पाठच होतं, कारण ती गोष्ट तिने प्रत्येक भाषणात सांगितली होती.

सत्तावीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. चार दिवसांचं म्हणून गेली आणि आत पू झाल्याने पाच आठवडे अडकली. जाण्याआधी प्रयोगशाळेतल्या उजेडाच्या खोलीचं गारव्याचं यंत्र कुरकुरत होतं. तिचा त्या यंत्रावर भरवसा नव्हता, म्हणून सातवीचा एक फ्लास्क तिने ताईच्या दुकानाच्या खिडकीत नेऊन ठेवला. सांगितलं, रोज हलव, बूच काढू नकोस, वरून काही घालू नकोस. ताई म्हणाली, तुला वाढवलं, ही बाटली काय जड आहे. तिसऱ्या आठवड्यात ते यंत्र खरोखर बंद पडलं, खोली भट्टी झाली आणि तिथलं एकूण एक शेवाळ मेलं, कपाटातल्या राखीव नळ्यांसकट. उरला फक्त खिडकीतला फ्लास्क. इस्पितळातून सुटून ती थेट दुकानात गेली. फ्लास्क हिरवागार होता. तिने तो छातीशी धरला आणि ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

निबंधाच्या शेवटी आभारात तिने लिहिलं होतं, की हे शेवाळ माझ्या बहिणीने आपल्या दुकानाच्या खिडकीत जिवंत राखलं. ते पान तिने चौकटीत घालून ताईला दिलं. कापड बेतायच्या टेबलावर, घड्याळाच्या शेजारी ते अजून लटकत होतं. गिऱ्हाइकं माप देताना वाचायची. ताई मात्र त्याच्याकडे पाठ करून बसायची. उजेड त्या बाजूने येतो म्हणायची.

बुधवारी दुपारी त्या उन्हाळ्याचं पान उघडलं. अक्षर आजारातून उठलेल्या माणसाचं, उताराला लागलेलं. “खिडकीतून परत. डिशवर रेघा ओढून पेशी वेगळ्या केल्या. पाहुणे निघाले, तीन जातीचे. ताईने बूच काढलं असणार. गोल हिरवी वसाहत उचलली. हीच.”

“हीच” या शब्दाखाली दोन रेघा.

भिंगरी त्या दोन रेघांकडे बघत राहिली. खात्री असती तर एक रेघसुद्धा कशाला ओढली असती? तीन जातीचे पाहुणे आणि चौथी घरची, असं तिने धरलं होतं. चौथीही पाहुणीच असेल, हे तेव्हा मनात येऊन गेलं होतं का? आलं असेल. आलं होतं. पोटावरचे टाके ओढत होते, घामाने डोळ्यांपुढे अंधारी यायची, प्रयोगशाळा रिकामी पडली होती आणि तिला सातवी हवी होती. जी हवी ती समोर दिसली.

पण हेही नक्की कशावरून? खिडकीत सातवी आधीच दुबळी झाली होती का? की ती शेवटपर्यंत धडधाकट होती आणि घोळ खरंच शिडीच्या नळीत झाला? जुनं सगळं मेलेलं. साक्ष द्यायला कोणी नाही. ती म्हणेल तेच खरं ठरणार होतं, आणि हीच तर पंचाईत होती.

बुधवारी संध्याकाळी तिने संग्रहाच्या बाईंना उत्तर लिहिलं. “प्राध्यापकांच्या नळीत मागाहून भेसळ झाली असण्याची शक्यता अधिक वाटते.” एकच वाक्य. खोटं म्हणता येणार नाही असं. शक्यता शब्द असा मऊ, की वाक्य त्यावर आरामात झोपलं असतं. ती झोपली नाही. पाठवायचं बटण दाबायला बोट गेलं, परत आलं. चारदा गेलं, चारदा परत आलं.

गुरुवारी दुपारी ती ताईच्या दुकानात गेली. शनिवारसाठी ताई तिला कोट शिवत होती आणि कच्च्या शिलाईवर माप बघायचं होतं. एकाहत्तराव्या वर्षीही ताई परक्यांची कामं मोजकी घ्यायची, पण बहिणीचा कोट दुसरा कोणी शिवेल ही गोष्ट तिच्या गणतीत नव्हती.

भिंगरी नेहमीप्रमाणे मागच्या दाराने आली. मागच्या अंगणात पावसाच्या पाण्याचं पिंप होतं, कायम उघडं, आतून हिरवंकच्च. गेल्याच वर्षी शेजारच्या चांभाराने ते घासून देतो म्हटलं तेव्हा ताईने त्याला असं झापलं होतं, की तो महिनाभर समोरून जाईना. भिंगरीला त्याचं हसू यायचं. आज ती पिंपाकडे न बघता आत शिरली.

ताईने तिला आरशापुढे उभं केलं, कोट चढवला आणि तोंडात टाचण्या धरल्या. ही तिची जुनी खोड. माप घेताना टाचण्या ओठांत असायच्याच, पण बोलायचं नसलं की जरा जास्त असायच्या. आज पाच होत्या. भिंगरीने आरशात मोजल्या.

ती उभी राहीना. एकदा खिडकीकडे वळली, एकदा घड्याळाकडे. ताईने तिला खांद्याला धरून दोनदा सरळ केलं आणि टाचण्यांच्या फटीतून म्हणाली, “खांबाला कोट शिवणं सोपं गं, भिंगरीला नाही.”

मग भिंगरीने आडून आडून विषय काढला. ती खिडकी तेव्हाही अशीच होती ना, म्हणाली. ऊन किती वाजेपर्यंत यायचं? ताईने हुं केलं. बाटली कधी फिकी पडल्यासारखी वाटली होती का? ताईने मनगटावरच्या गादीतली टाचणी पाठीच्या शिवणीत खुपसली, आणखी एक हुं केलं. त्याचा अर्थ हो की नाही ते कळेना. बूच कधी निघालं होतं का, चुकून, पुसताना वगैरे? यावर ताई मागे गेली आणि बराच वेळ कोटाचा घेर बघत राहिली, घेरात काही खोट नसताना.

भिंगरीला वाटलं, म्हातारीला काय आठवणार. आणि आठवून तरी काय. तिने सगळं सांगून टाकलं, सोमवारचा फोन, दोन नळ्या, वहीतल्या दोन रेघा. सांगताना आवाज चढत गेला, हात हलत राहिले, बाहीच्या टाचण्या निसटल्या. शेवटी ती म्हणाली, “मी शिडीच्या नळीत भेसळ झाली असं कळवून टाकते. लिहून ठेवलंय. म्हातारा झालाय तो, पुस्तकं लिहितोय, त्याला काय फरक पडतो? इथून घरी गेले की पाठवते, सुटले.”

ताईचा हात तिच्या दंडावर होता, तो तिथेच राहिला. दुकानात समोरच्या रस्त्यावरचा आवाज येत होता, कुणीतरी शटर ओढत होतं. आरशात भिंगरीला ताईचा चेहरा दिसला आणि का कोण जाणे, तिचे स्वतःचे हात खाली आले.

ताईने ओठांतून एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या गादीत खोचली. मग दुसरी. तिसरी. चौथी काढताना ती जमिनीवर पडली, ती वाकून उचलली, खोचली. पाचवी बराच वेळ बोटांत फिरवली.

“त्याला फरक पडला होता,” ताई म्हणाली. “सभेनंतर तो इथे आला होता. दुकानात. ही चौकट वाचत उभा राहिला आणि मला विचारलं, बाई, बाटलीचं काही झालं नव्हतं ना? मी म्हटलं, नाही. त्याने आभार मानले आणि गेला. एवढा उंच माणूस, दारातून वाकून गेला.”

भिंगरी चौकटीकडे वळली.

“तू इस्पितळात गेल्यावर आठव्या दिवशी ती मेली. शाळेच्या गणवेशांचं काम होतं, दिवसभर वाफेची इस्त्री चालू, आणि मी इस्त्रीची नळी खिडकीखाली घेतली होती. वाफ सगळी बाटलीवर. संध्याकाळी बघते तर पाणी गवताच्या रंगाचं, वाळलेल्या. मी हलवलं. दोन दिवस हलवत बसले गं, जेवलेही नाही. हिरवं येईना. मग तुला सांगायला आले. तू तापात होतीस, नाकात नळी. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, सातवी कशी आहे. मी म्हटलं, मजेत आहे.

“घरी आले, बाटली उकळत्या पाण्याने धुतली. मागच्या पिंपातलं पाणी अस्तराच्या दुहेरी कापडातून गाळून भरलं. मला वाटलं, हिरवं ते हिरवं. तू बरी होऊन आलीस की सांगेन, तू शिव्या देशील, तुझ्या कपाटातून दुसरी घेशील, झालं. मला काय ठाऊक तुमचं यंत्र बंद पडेल. तू आलीस आणि बाटली उराशी धरलीस. तेव्हा कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? मग तू ते पान आणून लावलंस. मग तुला पदक मिळालं. दर वर्षी ते तोंड आणखी लहान होत गेलं.

“पिंप मी कधी घासू दिलं नाही. म्हटलं, कधी तरी तुला दाखवावं लागेल.”

तिने पाचवी टाचणी गादीत खोचली. हात बहिणीच्या खांद्यावर ठेवला, कोट सरळ करावा तसा.

“तू जे मोजलंस ते खोटं नाही. ती जेवते अंधारात, मला माहीत आहे, तू सांगतेस म्हणजे जेवतच असेल. पण ती तुझी सातवी नाही, भिंगरे. माझ्या पिंपातली आहे. त्या उंच माणसाला तसं कळव. आधी त्याला, मग बाकीच्यांना.”